मेट्रोसाठी खड्डा खणला आणि खाली अख्खं शहर निघालं! थेसालोनिकीची २३०० वर्षांची गोष्ट

३० नोव्हेंबर २०२४. ग्रीसमधल्या थेसालोनिकी शहरात मेट्रो सुरू झाली. साधारण दहा किलोमीटरचा मार्ग, १३ स्टेशन्स आणि ड्रायव्हर नसलेली गाडी.

आता तुम्ही म्हणाल, दहा किलोमीटरच्या मेट्रोचं काय एवढं कौतुक? आपल्याकडे त्याहून मोठ्या लाईन झाल्यात की.

तर कौतुक अशासाठी की या दहा किलोमीटरचं काम सुरू झालं होतं २००६ साली. म्हणजे तब्बल १८ वर्षं. ज्या पोराच्या जन्माच्या वर्षी खड्डे पडले, ते पोरगं मतदानाच्या वयाचं झालं तेव्हा कुठं गाडी धावली. मधल्या काळात ग्रीस आर्थिक संकटात बुडाला, कामं थांबली, सरकारं बदलली. पण उशीर होण्यामागं आणखी एक कारण होतं, आणि तेच आपला आजचा विषय आहे.

मशीन जिथं जिथं खाली गेलं, तिथं तिथं काहीतरी सापडत गेलं. संगमरवरी रस्ता, दुकानं, थडगी, दागिने, नाणी, मूर्ती. मोजदाद केली तर तीन लाखांहून जास्त वस्तू निघाल्या. शहराच्या खाली शहर होतं, आणि त्याच्याही खाली आणखी एक.

इन्स्टावर या शहराच्या रील्स तुम्ही पाहिल्या असतील. समुद्राकाठचा पांढरा बुरूज, सूर्यास्त, कॉफी. दिसायला एकदम निवांत शहर. पण या शहराबद्दल एक गोष्ट रीलमध्ये येत नाही. इथं प्रत्येक नव्या मालकानं जुन्या मालकाची पाटी पुसली. काही वेळा इमारत ठेवली आणि माणसं घालवली, काही वेळा माणसांच्या कबरीसुद्धा ठेवल्या नाहीत.

सुरुवात एका राजकन्येच्या नावापासून होते.

लेकीचं नाव, शहराला

थेसालोनिकी हे ग्रीसमधलं अथेन्सनंतरचं दुसऱ्या नंबरचं शहर. देशाच्या उत्तरेला, एजियन समुद्राच्या एका आखातावर वसलेलं. आज महानगर परिसरात सुमारे दहा लाख लोक राहतात.

अलेक्झांडर, म्हणजे आपला सिकंदर, त्याचे वडील फिलिप दुसरे हे मॅसेडोनियाचे राजे. त्यांनी थेसाली प्रांतात विजय मिळवला आणि त्याच विजयाची आठवण म्हणून लेकीचं नाव ठेवलं थेसालोनिकी. ग्रीकमध्ये 'निकी' म्हणजे विजय. थेसालीचा विजय, म्हणून थेसालोनिकी. ही सिकंदराची सावत्र बहीण.

सिकंदर इ.स.पू. ३२३ मध्ये वारला आणि त्याच्या सेनापतींमध्ये साम्राज्यासाठी मारामारी सुरू झाली. त्यातल्या कॅसेंडरनं थेसालोनिकीशी लग्न केलं. कारण साधं होतं, राजघराण्याशी नातं जोडलं की गादीवर हक्क सांगता येतो. इ.स.पू. ३१५ च्या सुमारास त्यानं आखाताकाठची २६ छोटी गावं एकत्र करून नवीन शहर वसवलं आणि त्याला बायकोचं नाव दिलं.

थेसालोनिकीचं पुढं काय झालं? नवरा गेल्यावर पोरांमध्ये गादीचं भांडण लागलं. आई धाकट्याची बाजू घेते म्हणून अँटिपेटर नावाच्या मुलानं तिचा खून केला. बाईचं आयुष्य असं संपलं, नाव मात्र २३०० वर्षं टिकलं.

यातली एक गंमत सांगतो. आज शहराच्या समुद्रकाठावर घोड्यावर बसलेल्या सिकंदराचा मोठा पुतळा आहे. सगळ्यात मोठ्या चौकाचं नाव ॲरिस्टॉटलच्या नावावर आहे, विद्यापीठाचंही. पण ॲरिस्टॉटल इ.स.पू. ३२२ मध्ये वारला आणि सिकंदर त्याच्या एक वर्ष आधी. म्हणजे या दोघांनी हे शहर कधी पाहिलंच नाही, कारण त्यांच्या हयातीत ते नव्हतं! ॲरिस्टॉटलचं जन्मगाव या भागातलंच, हे खरं. पण कुणाचा पुतळा उभा करायचा आणि कुणाचा नाही, हे ठरवणारे लोक नंतर येतात, हे इथं लक्षात ठेवा. पुढं कामाला येईल.

रोमन आले, रस्ता आला

इ.स.पू. १६८ मध्ये रोमनांनी मॅसेडोनियाच्या राजाला हरवलं. थोड्याच वर्षांत मॅसेडोनिया रोमचा प्रांत झाला आणि थेसालोनिकी त्याची राजधानी.

शहराचं नशीब पालटलं ते एका रस्त्यामुळं. 'व्हिया एग्नातिया' हा रोमनांचा हायवे आजच्या अल्बानियाच्या किनाऱ्यावरून निघून पूर्वेकडं बायझँटियमपर्यंत, म्हणजे आजच्या इस्तंबूलपर्यंत जायचा. थेसालोनिकी या वाटेवर होतं, वर स्वतःचं बंदर. जमिनीवरून येणारा माल आणि समुद्रातून येणारा माल एकाच ठिकाणी. जिथं माल येतो तिथं माणसं येतात, आणि माणसांसोबत त्यांचे देवही येतात.

ख्रिस्ती धर्मप्रचारक पौल इथं इसवी सनाच्या पहिल्या शतकात आला होता. मराठी बायबल उघडलंत तर त्यात 'थेस्सलनीकाकरांस' अशी दोन पत्रं दिसतील. ती याच शहरातल्या लोकांना उद्देशून आहेत. त्यातलं पहिलं पत्र हे ख्रिस्ती नव्या करारातल्या सगळ्यात जुन्या लिखाणांपैकी एक मानलं जातं.

पुढं तिसऱ्या शतकाच्या शेवटी रोमन सम्राट गॅलेरियसनं इथं मुक्काम ठोकला. इराणच्या सासानी राजाला हरवल्याच्या आनंदात त्यानं एक विजयकमान उभारली. लढाईचे प्रसंग दगडात कोरलेली ही कमान आजही गर्दीच्या रस्त्याला लागून उभी आहे. स्थानिक लोक तिला 'कामारा' म्हणतात. आपल्याकडे जसं "अप्पा बळवंत चौकात भेटू" म्हणतात, तसं तिथली पोरं "कामाराला भेटू" म्हणतात.

कमानीपासून चालत दोन मिनिटांवर गॅलेरियसचीच दुसरी इमारत आहे, रोटुंडा. गोल, प्रचंड, सहा मीटरहून जाड भिंतींची. ती मंदिर म्हणून बांधली की त्याच्या समाधीसाठी, यावर अभ्यासकांचे वाद आहेत. समाधीसाठी असेल तर ती वाया गेली, कारण गॅलेरियसला आजच्या सर्बियात पुरलं गेलं. पुढं या इमारतीचं चर्च झालं, आत सोनेरी मोझॅक लागली. मग १५९०-९१ च्या सुमारास तिची मशीद झाली, शेजारी मिनार उभा राहिला. १९१२ नंतर परत चर्च, नंतर संग्रहालय.

एकच इमारत, देव तीनदा बदलले. थेसालोनिकी समजून घ्यायची तर ही एक इमारत पुरेशी आहे.

इथंच ठरलं साम्राज्याचा धर्म कोणता

इ.स. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसनं याच शहरातून एक फर्मान काढलं. त्यानुसार एका विशिष्ट श्रद्धेचा ख्रिस्ती धर्म हाच रोमन साम्राज्याचा अधिकृत धर्म ठरला. युरोपच्या पुढच्या दीड हजार वर्षांवर परिणाम करणारा हा कागद.

दहा वर्षांनी, ३९० मध्ये, शहरात दंगल झाली आणि जमावानं सम्राटाच्या एका सेनापतीला ठार मारलं. थिओडोसियसनं सूड घेतला. शर्यतीच्या मैदानात जमलेल्या लोकांवर सैनिक सोडले गेले. जुन्या लेखकांपैकी एकानं मेलेल्यांचा आकडा सात हजार दिलाय. यावर मिलानचे बिशप अँब्रोज यांनी सम्राटालाच जाहीर प्रायश्चित्त घ्यायला लावलं. सम्राट धर्मगुरूपुढं झुकला, याचं उदाहरण म्हणून हा प्रसंग पुढं शतकानुशतकं सांगितला गेला.

शहराचा स्वतःचा संत म्हणजे दिमित्रिओस. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला ख्रिस्ती असल्यामुळं मारला गेलेला सैनिक, अशी श्रद्धा आहे. तो जिथं मेला असं मानतात त्या रोमन स्नानगृहाच्या जागी त्याचं चर्च उभं राहिलं. २६ ऑक्टोबर हा त्याचा दिवस. ही तारीखही लक्षात ठेवा.

नवव्या शतकात इथलेच दोन भाऊ, सिरिल आणि मेथोडियस, स्लाव्ह लोकांमध्ये धर्मप्रचाराला गेले. त्या लोकांच्या भाषेला लिपी नव्हती, म्हणून त्यांनी ती बनवली. आज रशिया, बल्गेरिया, सर्बियात वापरतात ती सिरिलिक लिपी थेट त्यांनी केली नाही, ती नंतर झाली. पण नाव सिरिलचंच लागलं.

लुटा, जिंका, परत भरा

श्रीमंत बंदर म्हटल्यावर डोळा असणारच. ९०४ मध्ये अरब आरमारानं शहर लुटलं आणि हजारो लोकांना गुलाम करून नेलं. ११८५ मध्ये सिसिलीच्या नॉर्मन फौजेनं लुटलं. १४२३ मध्ये तटबंदीच्या आत अडकलेल्या शहराचा ताबा व्हेनिसकडं गेला. आणि १४३० मध्ये ओटोमन सुलतान मुराद दुसरा यानं ते जिंकलं.

अखिरोपिइतोस नावाचं एक जुनं चर्च आहे. विजयानंतर लगेच त्याची मशीद झाली. त्याच्या एका संगमरवरी खांबावर 'सुलतान मुरादनं शहर घेतलं' या अर्थाची कोरीव ओळ आजही वाचता येते. चर्च परत चर्च झालं, पण ती ओळ कुणी खरवडून काढली नाही. या शहरात अशी उदाहरणं कमी आहेत.

ओटोमन काळात शहर ओस पडलेलं होतं. त्यात माणसं भरली ती एका अनपेक्षित ठिकाणाहून.

१४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीनं ज्यू लोकांना फर्मान काढलं, ख्रिस्ती व्हा नाहीतर देश सोडा. हजारो ज्यू भूमध्य समुद्र ओलांडून ओटोमन मुलखात आले आणि त्यातले खूप जण थेसालोनिकीत स्थायिक झाले. कापड विणणं, छपाई, व्यापार, बंदरावरची हमाली, सगळ्यात ते होते. सोबत त्यांनी आपली भाषाही आणली, जुन्या स्पॅनिशमधून आलेली लादिनो. पुढची चारशे वर्षं थेसालोनिकीच्या गल्ल्यांमध्ये लादिनो ऐकू यायची.

यहुदी धर्मात शनिवार हा विश्रांतीचा दिवस. बंदरावरचे हमाल बहुतेक ज्यू, त्यामुळं शनिवारी बंदर बंद! ग्रीक, तुर्क, फ्रेंच, कोणत्याही जहाजाला रविवारपर्यंत थांबावं लागायचं.

१९१३ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १ लाख ५८ हजार होती. त्यात ज्यू ६१ हजारांवर, मुस्लीम जवळपास ४६ हजार आणि ग्रीक जवळपास ४० हजार. आजच्या ग्रीसच्या दुसऱ्या मोठ्या शहरात तेव्हा ग्रीक लोक तिसऱ्या नंबरवर होते.

पांढरा बुरूज पांढरा का आहे?

शहराची ओळख बनलेला 'व्हाईट टॉवर' याच ओटोमन काळातला, सोळाव्या शतकातला. उंची जवळपास ३४ मीटर. तटबंदीचा बुरूज म्हणून बांधला, पण प्रसिद्ध झाला तुरुंग म्हणून. १८२६ मध्ये सुलतानानं जानिसारी या आपल्याच बंडखोर फौजेचा नायनाट केला, तेव्हा इथं बंद केलेल्यांची कत्तल झाली. लोक त्याला 'रक्ताचा बुरूज' म्हणू लागले.

ही बदनामी पुसायची म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्याला पांढरा चुना फासला. हे काम एका कैद्यानं सुटकेच्या बदल्यात केलं, असं सांगतात. चुना कधीच उडून गेलाय, आज बुरूज मातकट रंगाचा दिसतो. नाव मात्र 'पांढरा'च राहिलं.

१९१२ ते १९२३: अकरा वर्षांत शहर बदललं

तुर्कस्तानचे संस्थापक मुस्तफा केमाल अतातुर्क १८८१ मध्ये याच शहरात जन्मले. त्यांचं घर आज तुर्की वाणिज्य दूतावासाच्या आवारात संग्रहालय म्हणून जपलंय. म्हणजे तुर्कस्तानच्या राष्ट्रपित्याचं जन्मघर ग्रीसमध्ये! असं का झालं, ते पुढच्या अकरा वर्षांत आहे.

१९१२ मध्ये बाल्कन युद्ध पेटलं. ओटोमन सेनापतीनं शहर ग्रीक फौजेच्या हवाली केलं. तेव्हा ग्रीसमध्ये जुनं कॅलेंडर चालायचं आणि त्यानुसार तारीख होती २६ ऑक्टोबर, संत दिमित्रिओसचा दिवस. लोकांनी याला संताची कृपा म्हटलं. पुढच्याच वर्षी ग्रीसचे राजे जॉर्ज पहिले याच शहरात फिरायला निघाले असताना गोळी घालून मारले गेले.

मग पहिलं महायुद्ध आलं. इंग्रज आणि फ्रेंच फौजा इथं उतरल्या, आणि त्यांच्यासोबत भारतातले जवानही. शहराबाहेर मोनास्टिर रोडवर भारतीय सैनिकांची वेगळी दफनभूमी आजही आहे.

१८ ऑगस्ट १९१७, शनिवार. वरच्या वस्तीतल्या एका निर्वासित कुटुंबाच्या स्वयंपाकघरात चुलीची ठिणगी वाळल्या गवतावर पडली. वांगी तळत होते असं म्हणतात. जोराचा वारा, पाण्याची टंचाई. ३२ तास शहर जळत राहिलं. साडेनऊ हजार घरं गेली, ७० हजारांहून जास्त लोक बेघर झाले. त्यातले पन्नास हजारांवर ज्यू होते, कारण शहराच्या मधोमध त्यांच्याच वस्त्या होत्या. संत दिमित्रिओसचं चर्चही जळालं, ते पुन्हा उघडायला १९४९ उजाडलं.

सरकारनं ठरवलं की लोकांनी आपापल्या जागेवर घर बांधायचं नाही. फ्रेंच वास्तुरचनाकार अर्नेस्ट एब्रार यांच्या देखरेखीखाली नवा आराखडा बनला. सरळ रुंद रस्ते, समुद्राकडं उघडणारा भव्य चौक. आज रीलमध्ये दिसणारा ॲरिस्टॉटल चौक तो हाच. दिसायला देखणा आहे, यात वाद नाही. पण ज्यांची घरं त्या जागेवर होती, त्यांच्यातल्या बहुतेकांना तिथं परत जाता आलं नाही. त्यांच्या हातात जमिनीऐवजी रोखे आले.

आणि मग १९२३. ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यातल्या युद्धानंतर स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथं करार झाला, लोकसंख्येची अदलाबदल. तुर्कस्तानातले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती ग्रीसमध्ये, ग्रीसमधले मुस्लीम तुर्कस्तानात. काही भाग वगळले, पण बाकी सक्तीनं. सुमारे १२ लाख ख्रिस्ती इकडं आले (बरेचसे करारापूर्वीच जीव मुठीत धरून पळाले होते) आणि साडेतीन लाखांहून जास्त मुस्लीम तिकडं गेले.

निकष भाषा नव्हता, धर्म होता. त्यामुळं ग्रीक न येणारे, घरात तुर्की बोलणारे ख्रिस्ती 'मायदेशी' ग्रीसला आले. आणि क्रीट बेटावरचे ग्रीक बोलणारे मुस्लीम 'मायदेशी' तुर्कस्तानला गेले. दोघांनाही नव्या शेजाऱ्यांची भाषा कळत नव्हती.

हे वाचून फाळणी आठवली ना? संबंध खरोखर आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 'थॉट्स ऑन पाकिस्तान' या पुस्तकात लोकसंख्येच्या अदलाबदलीचा विचार मांडताना तुर्कस्तान, ग्रीस आणि बल्गेरियाचं उदाहरण दिलंय.

थेसालोनिकीतून मुस्लीम गेले, निर्वासित ख्रिस्ती आले. शहरातले मिनार एकामागून एक पाडले गेले. उरला तो फक्त एक, रोटुंडाच्या शेजारचा. शहरातल्या 'येनी जामी' या देखण्या मशिदीत आधी निर्वासित राहिले, मग तिचं पुराणवस्तू संग्रहालय झालं.

आणि मग ज्यांच्या कबरीही राहिल्या नाहीत

आता शहरात मोठ्या संख्येनं उरले होते ते ग्रीक आणि ज्यू. १९४१ च्या एप्रिलमध्ये जर्मन फौजा शहरात शिरल्या.

११ जुलै १९४२. तोही शनिवारच. नाझींनी सुमारे नऊ हजार ज्यू पुरुषांना 'एलेफ्थेरियास' चौकात जमवलं. एलेफ्थेरिया म्हणजे स्वातंत्र्य. भर उन्हात तासन् तास उभं केलं, मारलं, सगळ्यांसमोर कवायती करायला लावल्या आणि वेठबिगारीसाठी नावं नोंदवली.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये शहराच्या पूर्वेकडचं ज्यू कब्रस्तान उद्ध्वस्त करण्यात आलं. शतकानुशतकं जुनं, तीन लाखांच्या घरात कबरी असलेलं, युरोपातल्या सगळ्यात मोठ्या ज्यू कब्रस्तानांपैकी एक. परवानगी जर्मनांची होती, पण कुदळ-फावडी चालवली ती नगरपालिकेच्या कामगारांनी. वाढत्या शहराला ही जागा युद्धाच्या आधीपासूनच हवी होती. नाव कोरलेले संगमरवरी दगड नंतर रस्त्यांच्या फरश्यांना, भिंतींना, अगदी चर्चच्या दुरुस्तीलाही वापरले गेले.

१५ मार्च १९४३ ला पहिली रेल्वे ऑशविट्झकडं निघाली. ऑगस्टपर्यंत गाड्या जात राहिल्या. ४५ हजारांहून जास्त माणसं नेली गेली. युद्धापूर्वी शहरात पन्नास हजारांच्या आसपास ज्यू होते, युद्धानंतर दोन हजारांच्या आसपास उरले. साडेचारशे वर्षं जी भाषा या रस्त्यांवर ऐकू यायची, ती पाच महिन्यांत गप्प झाली.

त्या कब्रस्तानाच्या जागेवर आज ॲरिस्टॉटल विद्यापीठाचा कॅम्पस आहे. हजारो पोरं रोज तिथं लेक्चरला जातात. तिथं कब्रस्तान होतं हे सांगणारं स्मारक कॅम्पसमध्ये उभं राहिलं २०१४ साली. म्हणजे ७० वर्षांनी. तेव्हाचे महापौर यानिस बुतारिस यांनी त्या कार्यक्रमात, शहरानं इतकी वर्षं गप्प राहणं ही लाजिरवाणी गोष्ट आहे, असं जाहीरपणे सांगितलं. आणि तो स्वातंत्र्य चौक? तिथं कित्येक वर्षं गाड्यांचं पार्किंग होतं.

आता परत मेट्रोकडं

आता व्हेनिझेलू स्टेशनचा वाद जास्त नीट समजेल.

२०१२-१३ च्या सुमारास या स्टेशनच्या जागेवर संगमरवरी फरशीचा रस्ता सापडला. रोमन काळापासूनचा शहराचा मुख्य रस्ता, त्याला येऊन मिळणारा आडवा रस्ता, आणि दोन्ही बाजूंना बायझंटाईन काळातली दुकानं. एका चौकाचा अख्खा बाजार. लोक त्याला 'बायझंटाईन पॉम्पेई' म्हणायला लागले. आणि हे सगळं कुठं, तर आजच्या एग्नातिया रस्त्याच्या खाली. दोन हजार वर्षं लोक एकाच रेषेवरून चालत आलेत, फक्त रस्ता वर वर येत गेला.

मेट्रोवाल्यांचं म्हणणं, हे उचलून दुसरीकडं न्या, स्टेशन बांधू द्या. शहरात यावरून मोठा विरोध झाला. पुरातत्त्व अभ्यासक, नागरिक, महापौर बुतारिस, सगळे म्हणाले की रस्ता जागेवरून हलवला तर तो रस्ता राहत नाही, नुसते दगड राहतात. आधी जागेवरच ठेवायचं ठरलं. २०१९ मध्ये सरकार बदललं आणि निर्णय फिरला. दगड तुकड्यातुकड्यानं काढायचे, खाली स्टेशन बांधायचं आणि मग दगड परत तिथंच बसवायचे. प्रकरण देशाच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयापर्यंत गेलं आणि सरकारच्या बाजूनं निकाल लागला.

आज तुम्ही त्या स्टेशनात उतरलात तर प्लॅटफॉर्मला जाताना तो रस्ता दिसतो. काहींच्या मते हा उत्तम तोडगा आहे. काहींच्या मते ही खऱ्या रस्त्याची पुन्हा जुळवलेली प्रतिकृती आहे. दोन्ही बाजूंना मुद्दा आहे.

पण या वादाकडं आणखी एका बाजूनं बघा. मेलेल्या साम्राज्याच्या दगडांसाठी शहर वर्षानुवर्षं भांडलं, कोर्टात गेलं, एकेक दगड नोंदवून परत बसवला. हे चांगलंच झालं. १९४२ मध्ये याच शहरात तीन लाख कबरींच्या दगडांची अशी नोंद कुणी केली नव्हती. रोमन लोक आता कुणाच्या जमिनीवर हक्क सांगायला येणार नाहीत, त्यामुळं त्यांचा वारसा जपणं सोपं असतं. कालपरवापर्यंत शेजारी राहणाऱ्या माणसाचा वारसा जपणं अवघड असतं, कारण त्यासोबत 'तो शेजारी गेला कुठं' हा प्रश्न येतो.

जायचं झालं तर काय बघाल?

व्हाईट टॉवर बघा, आत शहराच्या इतिहासाचं संग्रहालय आहे. कामारा आणि रोटुंडा एकत्र बघा, आणि रोटुंडाचा मिनार बघायला विसरू नका. रोमन फोरम बघा. साठच्या दशकात तिथं न्यायालयाची इमारत बांधायला खणलं आणि फोरम निघाला, मग न्यायालयच दुसरीकडं गेलं. संत दिमित्रिओसच्या चर्चखालच्या तळघरात उतरा, तिथं रोमन स्नानगृहाचे अवशेष दिसतात. १४४४ सालचा 'बे हमाम' बघा, तो १९६८ पर्यंत चालू होता. डोंगरावरची 'आनो पोली', म्हणजे वरची वस्ती, १९१७ च्या आगीतून वाचली, तिथल्या अरुंद गल्ल्यांमधून जुन्या शहराचा अंदाज येतो. शहरातली १५ बायझंटाईन स्मारकं १९८८ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत.

हे सगळं झालं की विद्यापीठाच्या कॅम्पसमध्ये जा आणि ते २०१४ चं स्मारक शोधा. तिथं तिकीट नाही आणि रांगही नाही. आजूबाजूला पोरं कॉफी पीत बसलेली असतात.